ड्रायव्हरची थाळी

धरणगावात लोटन नावाची माणसं बरीच आहेत, पण नुसतं 'ड्रायव्हर' म्हटलं की बोट एकाच घराकडं वळतं. आमच्या या लोटनला त्याचा कोण अभिमान! प्रेमकुंवर ट्रॅव्हल्सची धरणगाव-नाशिक गाडी त्याच्या ताब्यात होती. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. एरंडोल, पारोळा, धुळं, मालेगाव असा तो रस्ता त्याला घरच्या अंगणासारखा पाठ. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा, आणि समोरच्यानं मान डोलावली नाही तर परत सांगायचा.

हायवेवर एक रिवाज आहे. ज्या हॉटेलापुढं ड्रायव्हर जेवणाला गाडी थांबवील, तिथं ड्रायव्हर आणि क्लीनर यांना थाळी फुकट. गाडीभर गिऱ्हाईक आणून देणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यायचे, ही कल्पनाच हायवेवर कुणाला शिवत नाही. लोटनची गाडी धुळं सोडून काही मैल पुढं गेली की नवलशेठच्या हॉटेलात शिरायची. लोक बाहेरच्या बाकड्यांवर बसायचे, आणि लोटन आणि त्याचा क्लीनर वना आतल्या खोलीत. तिथं कूलर होता, धुतलेलं टेबल होतं, आणि नवलशेठ स्वतः वाढायला उभा असायचा. लालभडक शेवभाजी, तिच्यावर बोटभर तेलाचा थर, पोळ्यांची चळत, जिलबी, वर थंड्याची बाटली. "आबा, अजून एक वाटी," असा आग्रह. लोटनला भूक असो वा नसो, तो वाटी पुढं करायचा. नाही म्हटलं तर मान गेला, असा त्याचा हिशेब.

वना हा काही पोरगा नव्हे. लोटनच्याच वयाचा, ट्रकच्या दिवसांपासून त्याच्यासोबत असलेला माणूस. तो एकदा म्हणाला होता, "आबा, दररोज इतलं तेल बरं नही." लोटननं त्याच्याकडं असं पाहिलं की वनानं आपली वाटीसुद्धा लपवून खाल्ली.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं लोटनची बायको बेबाबाई त्याला डबा बांधून द्यायची. पण ड्रायव्हरनं डबा खायचा म्हणजे काय? त्याला हॉटेलवाला विचारत नाही, असाच अर्थ झाला. डबा जसाच्या तसा परत यायला लागला तेव्हा बेबाबाईनं तो घासून फळीवर ठेवून दिला. न बोलता वस्तू जागेवर ठेवून देण्याची तिची एक पद्धत होती, आणि लोटन तिच्या बोलण्यापेक्षा त्या पद्धतीला जास्त वचकून असे.

घरी आला की वेगळाच थाट. खिचडीच्या ढिगात आळं करून त्यात तेल ओतलेलं नसेल तर त्याला ती खिचडी आजाऱ्याची वाटायची. दीड हाताच्या अंतरावरच्या टपरीवर जायचं तरी मोटारसायकल. गालात तंबाखूची पुडी. पोट इतकं पुढं आलं की गाडीत बसताना सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागं न्यावी लागे, तरी स्टिअरिंग शर्टाच्या बटणाला घासायचंच. लोक हसले की लोटनही हसायचा, "खात्यापित्या घरचा माणूस शे मी."

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पारोळ्याच्या पुढं सरळ रस्त्यावर लोटनला पुढच्या टँकरच्या जागी दोन टँकर दिसले. त्यानं डोळे चोळले. दोनच. हाताला घाम सुटला, जीभ कोरडी पडली. दुसरा कुणी असता तर दामटत पुढं गेला असता, लोटननं मात्र गाडी हळूच कडेला लिंबाखाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागं वळून गाडीभर लोकांना सांगितलं, "माले दिसत नही. दुसरा ड्रायव्हर येस तोवर कोनी घाई करू नका." लोकांना दोन तास उशीर झाला, पण एकानंही तोंड वाजवलं नाही. सांगणाऱ्याचा चेहराच तसा झाला होता.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, वजन तर काट्यावर न चढताच दिसत होतं. गोळ्यांची पिशवी भरून मिळाली. मालक श्रेयांस म्हणजे जुन्या मालकाचा, गौतमचंद शेठचा, मुलगा. लोटननं त्याला चड्डीत असल्यापासून पाहिलेलं. त्यानं लोटनला दुकानात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, तोही बिनसाखरेचा. तो चहा पाहूनच लोटनला पुढचं कळलं.

"लोटनभाऊ," श्रेयांस म्हणाला, "डॉक्टर फिट आहात असं लिहून देत नाहीत, तोवर मी तुम्हाला किल्ली देणार नाही. तुमची नोकरी कुठं जात नाही. तोवर बुकिंग काउंटर सांभाळा."

"शेठ, मी काउंटरवर?"

"तुम्हीच गाडी कडेला घेतलीत. तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं."

गाडी किरणकडं गेली. किरण तरुण, एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसऱ्यानं केस सारखे करायचा. दिवसाआड सकाळी ती गाडी काउंटरच्या पुढून निघायची तेव्हा लोटन तिकिटं मोजण्यात फार गुंग असल्यासारखं दाखवायचा. गिअर खरखरला की मात्र त्याचा डावा पाय स्टुलाखाली आपोआप क्लच दाबायचा. स्टिअरिंगवर पुन्हा बसायला मिळालं नाही तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला होता. स्टुलावर बसलेल्या माणसाला कुणी ड्रायव्हर म्हणत नाही.

घरीही ओढाताण सुरू झाली. काउंटरचा पगार कमी, वरचा भत्ता बंद, आणि गोळ्यांचा खर्च नवा. लोटन कुरकुरला, "नवलशेठकडं निदान जेवन तरी फुकट व्हतं." बेबाबाई तेव्हा गोळ्या डबीत भरत होती. तिनं डबीचं झाकण लावलं.

"फुकट व्हती ना ती थाळी? मंग या गोळ्यास्ना पैसा कोन दी ऱ्हायना, नवलशेठ?"

त्या दिवसापासून तिनं घर हातात घेतलं. घर आधीही तिच्याच हातात होतं. फरक एवढाच की आता लोटनही त्यात धरला गेला. तेलाची बरणी फळीवर उंच गेली. खिचडीतलं आळं बुजलं. पोळ्या कमी होऊन कळण्याची भाकरी आली. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ; लोटनच्या आईच्या वेळी घरात रोज तेच असायचं. मधल्या काळात घरात दोन पैसे आले आणि गव्हाची पोळी ही मोठेपणाची खूण झाली. तंबाखूची पुडी सोडणं सगळ्यात जड गेलं. पहिला आठवडा लोटन गावभर भांडत होता, काउंटरवर तर एका बाईला नाशिकच्या ऐवजी मालेगावचंच तिकीट फाडून दिलं.

आणि पहाटेचं चालणं. बेबाबाईनं त्याला उठवलं आणि एरंडोल रस्त्यानं चालायला घेऊन निघाली. तो पुढं, ती रिवाजाप्रमाणं चार पावलं मागं. पहिल्याच दिवशी कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी शेजारची वच्छलाबाई भेटली. अशा अवेळी नवरा-बायको पायी निघालेले पाहून, कुणाच्या मयताला चाललेत असं वाटून तिचा जीव धसकला.

"कोन गयं, बेबाबाई? एरंडोलले जाई ऱ्हायनात का?"

"कोनी गयं नही, अक्का. जाऊ नही म्हनीसन चाली ऱ्हायनूत," बेबाबाई म्हणाली. वच्छलाबाईला ते कळायला दोन दिवस लागले.

आता इथं लोटननं एक असा घोळ घातला की जो आमच्याकडच्याच माणसाला सुचावा. बेबाबाईचं माहेर यावलचं. तिचा भाऊ हितेंद्र केळीबागायतदार. व्यापारी माल उचलताना बारीक डाग असलेली, थोडी वाकडी अशी केळी बाजूला टाकतात. ती बांधावर पडून राहतात. हितेंद्र त्यातले घड दाजींसाठी धाडायचा. यावलकडून येणाऱ्या गाडीवर घड चढला की दुपारपर्यंत धरणगावात. लोटननं घड काउंटरच्या मागं खिळ्याला टांगला. शेवभाजी सुटली, जिलबी सुटली, तंबाखू सुटली, मग तोंडाला काहीतरी हवंच. भूक लागली की केळं. कंटाळा आला की केळं. किरणनं गाडी चुकीची वळवली की दोन केळी. बेबाबाईनं एकदा खिळ्याकडं पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "फळ शे ते. फळ खाईसन कोनी मरस का? आनि घरनं शे, एक पैसा लागत नही."

माहेरच्या केळीला नावं ठेवायची तिची छाती झाली नाही. आपल्या भावाच्या बागेसारखी बाग यावल तालुक्यात नाही, हे तिनं सासरी सतरा वेळा ऐकवलेलं.

तीन महिन्यांनी धुळ्याला पुन्हा रक्त तपासलं. लोटन नवा शर्ट घालून गेला होता. परत येताना श्रेयांसच्या दुकानावरून किल्ली घेऊनच घरी जायचं, असं त्यानं मनात ठरवून टाकलेलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. वजन उतरलं होतं, रक्तदाबही बरा होता. साखर मात्र होती तिथंच.

"खाता काय दिवसभर?"

"काही नाही साहेब. सगळं सोडलं. फक्त केळी."

"किती?"

लोटननं बेबाबाईकडं पाहिलं. बेबाबाईनं जमिनीकडं पाहिलं. किती हे खरंच कुणी मोजलं नव्हतं, कारण विकत घेतलेलं नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. केळं वाईट नाही, पण साखर असलेल्या माणसानं दिवसभर घड संपवायचा नसतो, एवढं त्यांनी समजावलं आणि पुन्हा तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

धुळ्याच्या स्टँडवर दोघं बाकावर बसून होते. लोटनचे डोळे भरून आले. इतक्या गर्दीत रडायचं म्हणजे काय, म्हणून तो वर वेळापत्रकाच्या पाटीकडं बघत राहिला. "मनाच्यानं व्हत नही आते," तो म्हणाला. "काउंटरच बरं शे. मी हातनं गाडी सोडी दिधी."

बेबाबाईला तेव्हा मनापासून लाज वाटली, आणि ती त्याची नव्हती, स्वतःची होती. तिनं तिथंच बाकावर बसून पिशवीतून मोबाइल काढला आणि भावाला लावला. "हितेंद्र, आते केळी नको धाडू. नही, बाग बेस शे. तुना दाजीले चालत नही. राग नको धरू भाऊ, पन एक फनी बी नको धाडू." पलीकडून काहीतरी बराच वेळ चालू होतं. बेबाबाई ऐकत राहिली, पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही. माहेरची वस्तू नको म्हणणं काय असतं, हे सासुरवाशिणीलाच ठाऊक. लोटनला ते कळलं. त्यानं डोळे पुसले, आणि मी हातची गाडी सोडली असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

त्यानंतरचे तीन महिने लोटननं जे केलं, ते त्यानं इतक्या वर्षांत ओरखडा न येऊ देता गाडी चालवली त्याच्याइतकंच मोठं होतं, असं आमचं मत आहे. एका दिवसाचं धाडस सोपं असतं. रोज सकाळी उठून तेच करणं, तेही लोक हसत असताना, ही वेगळी गोष्ट. मोटारसायकल अंगणात कापडाखाली गेली. घराच्या मागं धूळ खात पडलेली सायकल बाहेर निघाली आणि लोटन तिच्यावर काउंटरला जाऊ लागला. टपरीवरच्या टोळक्यानं आवाज दिले, "ड्रायव्हर, गिअर टाक!" त्यानं घंटी वाजवली आणि पुढं गेला. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर हात ताटावर आडवा धरायला शिकला. एका व्याह्यानं तर मन दुखावल्याचं तोंड केलं; लोटननं त्याच्याकडून ताक मागून घेतलं, दोन वाट्या संपवल्या आणि त्याच्या गाईचं इतकं कौतुक केलं की व्याही खूश.

पहाटे चालताना बेबाबाई आता चार पावलं मागं नसायची. तिचे गुडघे आधी कुरकुरायचे. हळूहळू ते मोकळे झाले आणि पाय असा पडू लागला की जिनिंगच्या फाटकाशी तिलाच लोटनसाठी थांबावं लागे. वच्छलाबाईही पदर खोचून मागून येऊ लागली. वाटेत सुनांची निंदा करायला मिळते, म्हणून तिलाही चालणं मानवलं.

आणि पैशाचं कोडं असं की पगार कमी झाला तरी महिन्याच्या शेवटी हात आखडत नव्हता. बेबाबाईला आधी वाटलं, कुणाचे तरी द्यायचे राहिलेत. तिनं किराणावाल्याला जाऊन विचारलं. त्याचं काही बाकी नव्हतं, उलट तेलाचा डबा एवढे दिवस कसा पुरतो असं त्यानंच तिला विचारलं. मग उमजलं. पेट्रोल नाही, पुड्या नाहीत, परतीच्या दिवशी मित्रांना थंडा पाजणं नाही, आणि गेल्या खेपेला रक्तदाब उतरलेला पाहून डॉक्टरांनी एक गोळी कमी केलेली. कधी हिशेबात न धरलेले ते खर्च गेले आणि त्यांच्या जागी पैसे दिसू लागले. बेबाबाई पोस्टात गेली आणि दरमहा भरायचं खातं उघडून आली. ते खातं तिच्या नावावर होतं. लोटननं पासबुक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि काउंटरवर आलेल्या निदान दहा गिऱ्हाइकांना, त्यांचा काही संबंध नसताना, सांगितलं की आपल्या बायकोचं पोस्टात खातं आहे.

वैशाखात धुळ्याला तिसऱ्यांदा गेले. या वेळी लोटननं जुनाच शर्ट घातला होता आणि तो अंगात भोंगळ होत होता. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग पेन उघडलं आणि लिहिलं. लिहिलेलं लोटननं स्वतः वाचून घेतलं. 'गाडी चालवण्यास योग्य.' त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला, लगेच बाहेर काढून पुन्हा वाचला. बेबाबाईनं फक्त एवढंच विचारलं, "व्हयनं?" "व्हयनं," तो म्हणाला. धुळ्याच्या त्या उन्हात दोघं स्टँडपर्यंत रिक्षा न करता चालत गेले, इतकी छाती फुगली होती.

श्रेयांसनं किल्ली दोन्ही हातांनी दिली. किरणला सुरतेची गाडी मिळाली. लोटन गाडीत चढला, बसला, आणि सीट पुढं ओढावी लागली. एक खाच, मग आणखी एक. हात फिरवायला इतकी जागा या गाडीत होती, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. वना दारात उभा राहून बघत होता. "आबा, गाडी मोठी व्हयनी का तुमी ल्हाना?" लोटननं उत्तरादाखल हॉर्न वाजवला. बेबाबाईनं सकाळी दिलेला डबा त्यानं डॅशबोर्डावर, देवाच्या फोटोशेजारी ठेवला होता.

दुपार टळटळीत झाली तेव्हा गाडी नवलशेठच्या हॉटेलात शिरली. नवलशेठ धावतच पुढं आला. "आबा! कितला दिवसनी!" त्यानं लोटनला मिठी मारली, आतल्या खोलीत नेलं, कूलर लावला. थाळी आली, तीच लालभडक, तीच जिलबी. लोटननं थाळीला हात लावला नाही. डबा उघडून टेबलावर ठेवला. कळण्याची भाकरी, गिलक्याची भाजी, मिरचीचा ठेचा, ताकाची बाटली.

नवलशेठचं तोंड उतरलं. तो वाईट माणूस नव्हता, धंद्याचा माणूस होता. "आबा, हाई काय? मना हॉटेलमा डबा?" त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत. "तुमीच डबा उघाडा तं पब्लिक बी उघाडी. एक दिवस खाई ल्या, मनासाठे."

पोटातली भूक जागी झाली होती, शेवभाजीचा वास नाकात होता, आणि समोरच्या माणसाचं मन मोडायचं लोटनच्या जिवावर आलं. तरी त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तुनं बरोबर शे, शेठ. तुनी पाटी, तुनं हॉटेल. मी बाहेर बसस." वनाला म्हणाला, "तू जेव. तुनी थाळी काबरं सोडस?" आणि तो डबा घेऊन बाहेर पडला.

बाहेर बसायचं कुठं? बाकडी हॉटेलची. झाड होतं ते पार रस्त्यापलीकडं. सावली एकच, गाडीची, वीतभर रुंद, गाडीच्या मागच्या बाजूला पडलेली. लोटन तिकडं वळला आणि थबकला. तिथं माणसं होती. सात-आठ बायका, एक म्हातारा, सगळे चाकाला टेकून पाय आखडून बसलेले, मांडीवर फडक्यातली भाकरी. हे सगळे त्याच्याच गाडीतले. ड्रायव्हर दिसताच दोघी-तिघी भाकरी झाकून उठायला लागल्या. आता हा हाकलणार, असं त्यांना वाटलं.

"बसा, बसा," लोटन म्हणाला. "आठे उनमा काबरं बसनात?"

त्यातल्या एका बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तिचं नाव रूपाबाई. लेक नाशिकला दिलेली, म्हणून दर महिन्याला या गाडीला असायची. "आमी तं दर खेपले आठेच बसतस, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच आज दिसनात."

लोटनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं ही माणसं त्याच्या गाडीच्या सावलीला बसून जेवत होती, आणि तो कूलरच्या खोलीत दुसरी वाटी पुढं करत होता. हॉटेलचं परवडणार नाही म्हणून घरचं आणलेलं, आणि ते खायला जागा नाही म्हणून चाकाजवळ. गाडी कुठं थांबवायची हे नवलशेठ ठरवत नव्हता, श्रेयांसही नव्हता. ते लोटन ठरवत होता. परतीच्या खेपेपासून गाडी अलीकडच्या गावातल्या वडाखाली थांबवायची, जिथं नळ आहे, पार आहे, आणि हॉटेलचं हवं असेल त्याला समोर दोन टपऱ्या आहेत, हे त्यानं उभ्या उभ्याच ठरवून टाकलं. स्टिअरिंग परत मिळालं याचा आनंद त्याला सकाळी झाला होता, पण ते मिळून करायचं काय, हे त्याला आत्ता सापडलं.

रूपाबाईनं सरकून जागा केली. लोटन मांडी घालून बसला. आता मांडी घालता येत होती. त्यानं डबा मधोमध ठेवला, भाकरी मोडली आणि ठेचा सगळ्यांपुढं फिरवला. म्हाताऱ्यानं त्याला कांदा दिला. एकीनं चटणी वाढली. रूपाबाईनं ठेचा चाखला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाऊ डबा कोनी करी दिधा, भाऊ?"

लोटननं तोंडातला घास संपवला. हायवेवर आजवर त्यानं नवलशेठच्या शेवभाजीची तारीफ शंभर जणांजवळ केली होती. घरचं नाव त्यानं कधी या रस्त्यावर काढलं नव्हतं. आता तो आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात बोलला.

"मनी बायकोनी. बेबाबाई तिनं नाव. हाई गाडी आज मी चलाडी ऱ्हायनू ना, ती तिनामुळे."